पाहुणीचा मान

धाकटीने सोनेरी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि मागे वळून थोरल्या बहिणीकडे बोट केलं.

"ही माझ्याबरोबर. पाहुणी."

काउंटरवरची मुलगी थोरलीकडे बघून हसली. थोरली हसली नाही. विमानतळावरचं हे लाउंज ज्या विमान कंपनीचं, तिच्याच ऑफिसात तिची हयात गेली होती. सोनेरी कार्ड कुणाला, रुपेरी कुणाला, हे नियम तिच्याच टेबलावर तयार व्हायचे. पण कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या तिकिटावर कार्ड मिळत नसे. नियम करायचे हिने आणि सोफ्यावर बसायचं दुसऱ्यांनी.

आई जाऊन महिना झाला होता. मावशीला प्रवास झेपत नव्हता, म्हणून आईची शाल तिला द्यायला दोघी निघाल्या होत्या.

आत धाकटीला सगळं पाठ होतं. कुठल्या यंत्राची कॉफी बरी, कुठल्या खुर्चीवर वारा लागत नाही. कप उचलणारा माणूससुद्धा तिला ओळखून हसला. थोरलीच्या पोटात दुखलं. घरीही हेच. धाकटी महिन्यातून एकदा विमानाने यायची, दोन दिवस राहायची. पण आदल्या दिवसापासून आईच्या अंगात बळ यायचं. चादर बदल, चांगले कप काढ. उरलेला महिना आईला उठवणं-बसवणं, औषधं, अंघोळ थोरलीकडे. वर बोलणीही तिलाच.

ऑफिसात सध्या एकच वाद होता. प्रवाशाला मान द्यायचा तो फेऱ्या मोजून, की त्याने खर्चलेले पैसे मोजून? जो पुन्हा पुन्हा येतो तो आपला, असं थोरली आजवर हिरिरीने मांडत आली होती. गेल्या आठवड्यात साहेबांनी मत विचारलं, तेव्हा मात्र तिने पैशाच्या बाजूने कौल दिला. स्वस्त तिकिटं शोधून फेऱ्या मारणारे त्यात गळणार होते. त्यांतलं एक माणूस कोण, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"तुझं कार्ड जाणार," ती म्हणाली. नवा नियम तिने समजावून सांगितला. आपण काय मत दिलं, तेही लपवलं नाही.

धाकटी कॉफी ढवळत राहिली.

"जाऊ दे. आता कुणासाठी येऊ इतक्यांदा?"

ती भांडेल, अशी थोरलीची अटकळ होती. भांडली असती तर बरं झालं असतं. मग हिनेच उकरून काढलं.

"तुझं बरं होतं बाई. यायचं, लाड करून घ्यायचे, निघून जायचं. मला मेलीला उठता-बसता बोलणी. दार आपटलंस, केस ओढलेस, मीठ जास्त घातलंस."

"मला आई एकदाही ओरडली नाही," धाकटी म्हणाली. "एकदा मुद्दाम कप फोडला मी. चांगल्यातला. म्हटलं, बघू तरी. तर म्हणाली, तुला लागलं नाही ना? आणि तुला हाक मारून झापलं, कप ओले ठेवतेस म्हणून."

थोरलीला तो कप आठवला. त्यावरून ती आठवडाभर धुसफुसत होती.

"काय जळले होते गं मी तुझ्यावर," धाकटी म्हणाली.

धाकटी टेबलावर कोपरं टेकून, खांदे पाडून कपात बघत बसली. थोरलीने दोनदा नजर दुसरीकडे वळवली. शेवटी तिला राहवलं नाही.

"पोक काढून बसू नकोस."

आवाजाला आईचीच धार होती. धाकटी झटकन ताठ झाली. विमानाची घोषणा झाली. सोनेरी कार्डवाल्यांना आधी बोलावलं गेलं. धाकटी जागची हलली नाही. पाठ सरळ, हात मांडीवर, नजर समोर.

थोरलीने घसा खाकरला.

"आणि साखर किती घालतेस ती."