तिसरा फटका

कारखान्यात तिला सगळे पोलाद म्हणत. बावीस वर्षं लेथवर उभं राहून तिचे दंड असे झाले होते की नवा माणूस आधी तिच्या हातांकडे बघे आणि मगच तोंड उघडे. मुकादमाला वाटायचं, हिला कारखान्यानं घडवलं. पण तिला घडवलं होतं आईनं, आणि तेही न्हाणीघरात.

तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. आईनं बाप्तिस्मा घेतला होता आणि ते बापाच्या डोक्यात गेलं होतं. "बोलव तुझ्या देवाला, बघू येतो का!" असं ओरडत तो तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटायचा. कशीबशी सुटली की आई लेकीला उचलून न्हाणीघरात शिरायची, कडी घालून दाराला पाठ लावून बसायची आणि लेकीच्या कानाशी तोंड नेऊन स्तोत्र शिकवायची. बाहेरून लाथ बसली की एक ओळ. पुढची लाथ बसली की पुढची ओळ. पोरीला वाटायचं, पाठांतर असंच करतात.

एकदा त्यानं बायबलच पेटत्या शेगडीत टाकलं. आई ते ओढायला धावली, तर त्यानं तिचा हात मनगटाशी धरून निखाऱ्यांवर दाबला. कातडी जळल्याचा वास घरभर झाला. दुसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून, लेकीला कडेवर घेऊन तिनं जे घर सोडलं ते कायमचं. पुस्तक राहिलं नव्हतं, पण तोंडपाठ होतं ते सगळं तिनं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी पिळता पिळता लेकीच्या गळी उतरवलं.

आता आई सत्तरीला आली होती. त्या रविवारी चर्चच्या पाळकांनी प्रार्थनामंदिरात मंडळीतल्या आयांचा सत्कार ठेवला होता. आई सकाळपासून कुरकुरत होती. "मी काय मोठं केलं? पोर वाढवली. मांजरही वाढवते."

"मांजर स्तोत्रं शिकवत नाही. चल, बूट घाल," पोलाद म्हणाली.

पाळक आईला पुढं बोलावत होते तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. बाप होता. केस पांढरे झाले होते, खांदे मात्र तेच. हातात लोखंडी सळई.

"माझं घर मोडणाऱ्या बाईला हार घालताय?"

दाराशी बसलेले म्हातारे सुतारकाका मध्ये पडले. त्यांच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. लोक बाकांखाली घुसले. बाप सरळ चालत गेला आणि त्यानं आईच्या डोक्यात सळई घातली. आई गुडघ्यांवर आली. रक्त कपाळावरून डोळ्यांत उतरलं. त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला, तोवर पोलाद पोचली होती.

तिनं सळई वरच्यावर धरली आणि हिसकावली. तो तिच्या गळ्यावर आला, म्हणून पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला. दुसऱ्या हातानं त्यानं सुरा काढला. दुसरा फटका गुडघ्यावर. तो किंचाळत खाली पडला आणि सुरा घरंगळत बाकाखाली गेला.

मग तिसरा. तोंडावर. जबडा तुटला, दात फरशीवर उडाले.

"पुरे!" आई ओरडली. पोलादनं चौथ्यासाठी उचललेली सळई टाकून दिली.

दुपारी इस्पितळात फौजदार जबाब घ्यायला आले. पाळकांनी आणि सुतारकाकांनी एकच सांगितलं होतं: पोरीनं आईला वाचवलं. फौजदारांनाही तेवढंच हवं होतं. आईच्या डोक्याला अकरा टाके होते. तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि म्हणाली, "लिहा. पहिले दोन फटके मला वाचवायला मारले. तिसरा मारला तेव्हा तो पडलेला होता. त्याच्या हातात काही नव्हतं."

फौजदारांचं पेन थांबलं. "आजी, हे लिहिलं तर पोरीवर गुन्हा दाखल होईल."

"मला कळतं ते."

पोलाद पलंगाशी उभी होती. "आई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? त्यानं तुला जाळलं, फोडलं, आणि तू मला आत पाठवतेस?"

"खोटी साक्ष देऊ नये, हे तुला कुणी शिकवलं?"

"तूच."

"मग आता कुठल्या तोंडानं देऊ?" आईचा आवाज फुटला. "तुला वाटतं, मला सोपं जातंय?"

बापाला नऊ वर्षांची शिक्षा झाली, पोलादला तीन महिन्यांची. पहिला महिना आई दर आठवड्याला भेटीला यायची आणि पोलाद भेट नाकारायची. तिच्या कानातून त्या जबड्याचा आवाज जात नव्हता. त्याहून वाईट होतं ते वेगळंच. तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं होतं. चौथा मारायची इच्छा होती, पाचवाही. भर प्रार्थनामंदिरात तिच्या तोंडावर बापाचाच चेहरा आला होता आणि तो ओळखणारी तिथं एकच बाई होती. पाचव्या आठवड्यात ती भेटीच्या जाळीशी गेली. दोघी वेळ संपेपर्यंत नुसत्या रडल्या.

सुटल्यावर आठ दिवसांनी पोलाद बापाच्या तुरुंगात गेली. त्याचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द लाळेतून येत होते.

"तिसऱ्या फटक्याची माफी मागायला आलेय," ती म्हणाली. "पहिल्या दोन्हींचं मला काही वाटत नाही."

त्यानं आईला एक घाण शिवी घातली आणि जाळीतून तिच्यावर थुंकला. पोलादच्या मुठी वळल्या. तिनं गालावरची थुंकी बाहीनं पुसली आणि ती उठली.

फाटकाबाहेर आई उभी होती.

"काय म्हणाला?"

"थुंकला. शिव्या दिल्या."

"आणि तू?"

"माफी मागितली. पण मनापासून नाही गं मागता आली."

"इथवर आलीस ना?" आईनं तिची वळलेली मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उघडलं. "चल, बस चुकेल."