धाकटीची प्रयोगशाळा आणि भाऊजी

धाकटी प्रयोगशाळेत काय करते, हे तिच्या घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर ती म्हणे, रक्तवाहिन्यांवर काम आहे. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या रक्तवाहिन्या शरीरात नेमक्या कुठल्या, हे ती गिळून टाकी. पुरुषाला ताठरता येत नाही, त्यावर उपाय शोधतेय, असं चारचौघांत सांगायचं म्हणजे चेष्टेला घरबसल्या आमंत्रण.

मग भाऊजी पडले. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा, उंच इमारतींचा रंगारी. परांचीची फळी सरकली आणि ते खाली वाळूच्या ढिगावर आदळले. जीव वाचला, कमरेचं हाड जुळलं, वर्षभरात शिडीही चढू लागले. पण माणूस मिटून गेला. पंगत हसवून सोडणारा गडी आता खाली मान घालून जेवायचा आणि पाठीचं निमित्त सांगून बाहेरच्या खोलीत झोपायला जायचा.

एका दुपारी ताई धाकटीकडे आली आणि आपण होऊन कांदे चिरायला बसली. डोळ्यांतल्या पाण्याला तेवढंच कारण. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर वर न बघता म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, ह्यांना गोळ्यांचा उपयोग नाही. आतलं मांसच फाटून कडक झालंय. तुझं रक्तवाहिन्यांचं काम ना? मग तिथलं काही होतं का गं?"

धाकटीला तोंडात मारल्यासारखं झालं.

"ताई, मी नेमकं तेच करते," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. तिथलं मांस स्पंजासारखं असतं, रक्त भरलं की फुगतं. भोवतीचं चिवट आवरण ते रक्त धरून ठेवतं. पण स्पंजाचाच व्रण झाला, तर गोळीने कितीही रक्त धाडलं तरी त्याला शिरायला जागा नसते. म्हणून ज्याच्या त्याच्याच चिमूटभर पेशींपासून नवा तुकडा वाढवायचा आणि खराब भागाच्या जागी बसवायचा. अजून सगळं सशांवर चाललं होतं, आणि तिथेही यश हुलकावणी देत होतं. ताईने शेवटपर्यंत ऐकलं आणि "मग लवकर कर," एवढंच म्हणाली.

तुकडा दिसायला सुरेख यायचा, पण सशात बसवला की काही आठवड्यांत त्याचा दगड. विभागप्रमुख म्हणायचे, डोंगर पोखरून साधा ससाही हाती लागेना. धाकटी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. तिचे तुकडे संथ द्रवात, लाडाकोडात वाढत होते. रक्ताचा पहिलाच लोंढा अंगावर आला की आतलं पेशींचं नाजूक अस्तर उखडून जायचं. तिने द्रवाला पंप जोडला. आधी नुसती झुळझुळ, मग जोर, मग विसावा, मग पुन्हा जोर. पैलवानाला तालमीत घालावं तसं. बरेच तुकडे फाटले. उरले ते मात्र चिवट निघाले.

त्यातला पहिला बसला एका मुडपलेल्या कानाच्या सशाला. सगळे त्याला नवरदेव म्हणत. जखम भरल्यावर त्याच्याकडे मादी सोडली. तेवढंच मांस काढलेले, पण तुकडा न बसवलेले त्याचे सोबती नुसतं हुंगून कोपऱ्यात बसले होते. नवरदेवाने मुहूर्तसुद्धा पाहिला नाही. पुढे मादीने अंगावरचे केस उपटून घरटं केलं आणि त्यात गुलाबी पिल्लं वळवळू लागली. विभागप्रमुख पिंजऱ्यापुढे उकिडवे बसून पाहत राहिले. "बाई, हरलो," म्हणाले आणि सगळ्यांना चहा पाजायला घेऊन गेले.

माणसांवर प्रयोगाची परवानगी मागायला धाकटी समितीपुढे उभी राहिली, तेव्हा एका सभासदांनी विचारलं, याने कुणी मरत तर नाही, मग एवढा खटाटोप कशाला? एरवी ती चाचरली असती.

"मरत नाही, साहेब," ती म्हणाली. "पण घरातल्या घरात परका होतो."

परवानगी मिळाली. पहिल्या रुग्णांत भाऊजी होते. नात्यातला माणूस, म्हणून त्यांची निवड, शस्त्रक्रिया, तपासणी यांतलं काहीच धाकटीच्या हातात नव्हतं. शस्त्रक्रियेआधी भाऊजी आपला तुकडा पाहायला आले. काचेआड पंपाच्या ठोक्यावर तो हलके हलके फुगत होता.

"माझ्यापेक्षा याचीच बडदास्त जास्त आहे की," ते म्हणाले. ताईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. केवढ्या दिवसांनी हे माणूस थट्टा करत होतं!

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले. विचारायची सोय नव्हती आणि धाकटीने विचारलंही नाही. मात्र देवाला हात जोडायची सवय नसलेली ती, येता-जाता मनातल्या मनात हात जोडू लागली.

एका रविवारी ऊन चांगलं वर आल्यावर तिने ताईला फोन लावला. दोघींनी मिळून भाजी आणायला जायचं ठरलं होतं. फोन कितीतरी वेळ वाजला. उचलला तेव्हा ताईचा आवाज घोगरा. कोंबड्याच्या आधी उठणारी बाई अजून अंथरुणातच होती. धाकटीने घाबरून विचारलं, बरं नाही का.

"बरं आहे," ताई म्हणाली. "फार बरं आहे."

मागून भाऊजींचा आवाज आला. "धाकटी असेल तर सांग, रंग पक्का बसलाय."

"गप्प बसा हो," ताई म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. भाऊजींनाही आवरेना. पलीकडे ती दोघं आणि अलीकडे रिकामी पिशवी छातीशी धरून धाकटी, तिघंही हसत सुटली. धाकटीचे डोळे वाहत होते आणि या खेपेला समोर कांदा नव्हता.

शेवटी तिनेच फोन ठेवला, चपला सरकवल्या आणि एकटीच बाजाराला निघाली. आज दोन्ही घरांची भाजी तीच आणणार होती.