काचेतलं सुस्त पाणी

अपघाताच्या आदल्या दिवशी सकाळी बूट पुसता पुसता बाबा म्हणाले, "बाईसाहेब, एक विचारू? बॉयलरच्या काचेतलं पाणी एरवी सारखं डुचमळतं. कालपासून सुस्त झालंय, जेवून पडल्यासारखं. का गं?"

घरी तरी तो बॉयलर बंद ठेवा, असं आईने आतून सुनावलं. 'बाईसाहेब' हे बाबांचं मला चिडवणं. ते बॉयलर ऑपरेटर होते त्याच कारखान्यात मी इंजिनिअर होते आणि तीस-तीस वर्षं बॉयलर सांभाळणाऱ्या ऑपरेटरांना शिकवायचे.

शिकवायचे म्हणजे पत्रकातल्या पायऱ्या पाठ करून घ्यायचे. अमुक दिवा लागला की तमुक बटण. बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच भरलेली दिसली की पाण्याचा पंप बंद. यंत्र आतून कसं चालतं ते फक्त साहेबांना ठाऊक असावं; ऑपरेटरला 'का' सांगितलं की तो डोकं चालवू लागतो, अशी आमच्याकडची रीत. यंत्रांच्या नकाशांचं कपाट कुलपात असे. बाबांनी ते बघायला मागितले, तेव्हा या वयात इंजिनिअर व्हायचंय का म्हणून सगळे हसले होते. मग त्यांनी मला इंजिनिअर केलं.

मला उत्तर ठाऊक होतं. काचेकडे येणारी नळी गाळाने तुंबू लागली, की काचेतलं पाणी खोटं बोलतं. काच भरलेली दिसते आणि बॉयलर कोरडा पडत जातो. दोन वाक्यांचं काम होतं. पण एकाला सांगितलं तर उद्या दहा जण विचारतील, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. शिवाय बाबांना न कळणारं मला कळतं, याचं मला थोडं बरंही वाटायचं.

"पत्रकात आहे तेवढं करा, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी तेवढंच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काच भरलेली दिसली, त्यांनी पंप बंद केला. पाऊण तासाने कोरड्या बॉयलरच्या नळ्या फुटल्या. बाबा समोरच उभे होते.

बाबांच्या तेराव्यानंतर झालेल्या चौकशीत साहेबांनी अहवाल वाचला: ऑपरेटरला बिघाड ओळखता आला नाही. मागे भिंतीला टेकून बाबांचे सोबती उभे होते.  सही माझीही हवी होती. आईलाही बोलावलं होतं; तिचा हात माझ्या हातात होता. तो सोडवून मी उभी राहिले.

"बिघाड त्यांनी ओळखला होता," मी म्हणाले. "आदल्या दिवशीच. त्याचं कारण त्यांनी मला विचारलं. मला माहीत होतं, आई. मी सांगितलं नाही."