मधल्या तांबडीचा कोप

बाईने माझ्या माथ्यावर पाय ठेवायचा नाही. ठेवला तर टेकडी कोपते. का, ते विचारायचं नाही. पायथ्याच्या गावातली प्रत्येक मुलगी हे ऐकतच मोठी होते. ती टेकडी म्हणजे मी. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून आपणहून सांगते: मी कधीच कोपले नाही.

ठाण्याजवळच्या पावणे गावामागच्या डोंगररांगेत आम्ही तिघी. तिघींची माती तांबडी, म्हणून तिघींचं नाव तांबडी. वेगळं नाव शोधायचेही कष्ट माणसांनी घेतले नाहीत. मी मधली. माझ्या माथ्यावर गावाचा देव आहे, शेंदूर फासलेला दगड. पेरणीआधी पुरुष वर येतात, नारळ फोडतात, बिड्या ओढतात आणि थोटकं माझ्याच अंगावर विझवतात. बायका खाली झऱ्यावर. हंडे उचलायला मात्र कुठला नेम आड येत नाही.

सत्तर सालानंतर भातखाचरं गेली, कारखाने आले. मग नव्या शहराला खडी हवी झाली. दिघा गावाकडच्या थोरल्या तांबडीला सुरुंग लागले. दहा वर्षांत तिची खाण झाली. तिच्या पायथ्याची विहीर आटली. तिथल्या बायका आता टँकरमागे धावतात. माझ्या गावच्या वडीलधाऱ्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तरी त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात खाणीचा ठेकेदार माझ्यासाठी आला, तेव्हा गावचे पंच किसन म्हणाले, "गावातल्या देवळाला सभामंडप देतोय, पोरांना कामं देतोय. आनखी काय पायजे?"

"नि वरचा देव?" म्हाताऱ्या मारोतीने विचारलं.

"पलीकडं धाकटी तांबडी हाय की. तिच्यावर नेऊन बसवू. नाव तेच, देव तोच. त्याला काय समजतंय?"

सगळे हसले. इतकी वर्षं माझा धाक घालणाऱ्यांना मी नुसत्या नावापुरती होते.

अडचण एकच. माथ्याची जमीन चार घरांची. त्यातला सिताराम वारला होता आणि सातबाऱ्यावर आता त्याच्या मुलीचं नाव होतं: गोजरा, ठाण्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. मोजणीदाराने अट घातली: चारही सह्या हद्दीच्या दगडापाशी, त्याच्या डोळ्यांदेखत. हद्दीचा दगड माथ्यावर.

मग ज्यांनी नेम शिकवला, त्यांनीच तिला वर बोलावलं.

तिची आई बायजाबाई झऱ्यावरच थांबली. "मी नाय येत. तू पन नको जाऊस, बाय."

"आये, त्यांनीच बोलावलंय," गोजरा म्हणाली. पदर खोचून ती चढली. माझा एक खडाही घरंगळला नाही.

"नेम मोडला की, काका," ती वर थांबलेल्या किसनला म्हणाली.

"आजच्यापुरता चालतंय. नारळ दिलाय," किसन म्हणाले. "हितं सही कर नि उतर."

गोजराने कागद शेवटपर्यंत वाचला. मोजणीदार घड्याळ बघत राहिला.

"यात झऱ्याचं काही लिहिलेलं नाही."

"झऱ्याचं काय लिवायचं? उद्या नळ येनार हाय."

"थोरलीच्या गावातही येणार होता. काका, तुम्ही आयुष्यात एक तरी हंडा उचललात?"

"चार बुकं शिकलीस म्हणून मोठ्यांना हिशोब विचारतेस काय? बापाचं नाव घालवशील."

"बापाच्या नावामुळेच तुम्हाला माझी सही लागतेय. मी ती देत नाही. आज नाही, उद्या नाही, घरी येऊन रडलात तरी नाही."

मारोतीने आवाज खाली आणला. "पोरी, बाईमानूस वर थांबली तर टेकडी कोपते. उतर आता."

"तुम्ही तिच्या पोटात सुरुंग भरणार, त्याने नाही कोपत. आणि मी नुसती उभी राहिले तर कोपते?"

तिने कागद किसनच्या हातात परत दिला आणि हद्दीच्या दगडावर बसली. मोजणीदाराने साखळी गुंडाळून पिशवीत टाकली आणि कुणाचाही निरोप न घेता तो उतरायला लागला.

मी अजून उभी आहे. उद्याचं मला ठाऊक नाही, आणि या म्हाताऱ्यांकडून मला काही नकोय. मागायचंच तर गोजराकडे मागेन: अशीच बसून राहा, बाई.

किसनने कागदाची घडी घालून ती खिशात कोंबली. मारोतीने तिच्याकडे पाहायचं टाळलं. बाकीचे माझ्या मातीकडे बघत एकेक करून मोजणीदारामागे उतरू लागले.