दगडाखालचे पाळणाघर

मित्रांनो, माझ्यात ना दार बसते ना खिडकी, तरी मी चौकटच आहे. जुनी झाले, पण काटकोन सोडलेला नाही. नळवाल्या काकांनी उरल्यासुरल्या नळीचे तुकडे जोडून मला घडवले. शिवणवाल्या मावशींनी आडवे-उभे दोरे ताणून माझ्यात घरे पाडली. ओहोटी लागली की ही मंडळी हौसेने किनाऱ्यावर येत, मला खडकावर मांडत आणि कुठल्या घरात किती शंख, किती शिंपले, किती खेकडे ते मोजत. समुद्राची तब्येत कळावी, एवढाच हट्ट. तेव्हा माझे कौतुक काय विचारता! पुढे घडीची, रंगीत चौकट आली आणि मी अडगळीत पडले. शेजारची फुटकी बादलीसुद्धा मला नाक मुरडायची.

एकदा माणसे जास्त आली, तेव्हा झाली माझी आठवण. मावशींनी मला डबक्याच्या काठी मांडले आणि माझ्यातला चपटा दगड उलटा केला. खालच्या अंगाला मोहरीएवढी अंडी चिकटलेली! त्यांची राखण करणारा बाप मासा डबक्यात सैरभैर फिरू लागला.

"अगंबाई, पाळणाघरच आहे की हे!" मावशी हरखल्या.

तेवढ्यात काका शेवाळावरून सपशेल आपटले.

"तरी सांगत होते, त्या झिजक्या चपला घालू नका!" म्हणत मावशी धावल्या. सगळ्यांनी काकांना उचलून किनाऱ्यावरच्या पायऱ्यांकडे नेले. मी तिथेच राहिले. दगडही तसाच, उलटा. ऊन चढले, अंड्यांवरची ओल आटू लागली. मला हात असते तर कुणाची वाट पाहिली नसती. पण नशिबी आले नुसते कोपरे!

पायऱ्यांवर काय झाले ते मागाहून कळले. पायाला पट्टी बांधताना काका एकदम ओरडले, "माझा पाय जाऊ द्या हो, दगड परत पालथा घातलात का?"

मावशींच्या तोंडचे पाणी पळाले. धापा टाकत आल्या, ओंजळीने अंडी भिजवली आणि दगड होता तसा अलगद ठेवला. बाप मासा सुळकन खाली शिरला.

"बाबा रे, माझ्या विसरभोळेपणाची शिक्षा तुझ्या लेकरांना नको," म्हणत मावशी मटकन बसल्या. अंडी जगली की नाही, या घोराने त्यांना पुढे घास गोड लागेना.

पुढच्या मोठ्या ओहोटीला दगडाला कुणी हात लावला नाही. सगळे नुसते डबक्यात वाकले. पाण्यात टाचणीएवढी पिल्ले, जिकडेतिकडे डोळेच डोळे! मावशींचा जीव भांड्यात पडला. माझाही.

काठीवर रेललेले काका म्हणाले, "घ्या, मोजा आता!"

"गप्प बसा. आज मोजणार नाही, डोळे भरून बघणार."

मित्रांनो, किनाऱ्यावर जा, दगडाखाली डोकावा. कोण नको म्हणते? पण उचललेला दगड होता तसा ठेवूनच पाऊल उचला. तुमच्या घराचे छप्पर काढून कुणी आत पाहिले आणि तसेच टाकून गेले, तर चालेल का तुम्हाला?