मिरचीने लिहिलेला पेपर

वहिनी ओल्या जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली, तेव्हा सरकारी सेवेच्या लेखी परीक्षेला महिनाच उरला होता. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी. सासूबाई म्हणाल्या, "देवानेच सुट्टी दिली समज." वहिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परीक्षेला लेखनिक घेता येत होता, फक्त तो पदवीधर नसावा.

घरात तसं एकच माणूस होतं, धाकटी नणंद. कॉलेज शेवटच्या वर्षाला सोडून ती एका दवाखान्यात रुग्णांना नंबर देत बसे. जिभेपायी सगळे तिला मिरचीच म्हणत. वहिनीच्या अभ्यासावर तिचा भारी राग, कारण संध्याकाळची भांडी तिच्या गळ्यात पडत.

"भांडी घासायची ती घासायची, वर पेपरही मीच लिहायचा?"

"हात बरा झाला की वर्षभर भांडी माझी."

"वर्षभर? दोन वर्षं!"

सौदा ठरला. रोज वहिनी येरझाऱ्या घालत उत्तरं सांगे, मिरची लिहून घेई. आधी ती नुसती कुरकुरली, मग वाद घालू लागली. "कर वाढवला तर दुकानदार तो गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर घालणार ना?" वहिनी चक्रावली. तिने ते उत्तर नव्याने सांगितलं आणि ते आधीपेक्षा छान जमलं.

परीक्षेत लेखनिकाने चकार शब्द काढायचा नाही. मिरचीला ही शिक्षाच होती. चौथ्या प्रश्नाला थकलेल्या वहिनीने तूट आणि शिल्लक यांची अदलाबदल केली आणि सगळं उत्तर उलटं झालं. मिरचीने ते सांगितलं तसंच उतरवलं.

फाटकाबाहेर येताच ती भडकली. "चौथं पार उलटं सांगितलंस! मला येत होतं गं. ओठ चावून बसले होते."

वहिनीने प्रश्नपत्रिका उघडून चौथा प्रश्न पुन्हा वाचला. मग ती म्हणाली, "बदललं नाहीस, बरं केलंस. पास व्हायचं तर माझ्याच उत्तरांवर."

निकालात वहिनी अगदी तळाशी होती, पण होती! सासूबाई शेजारीपाजारी सांगत सुटल्या, "आमची सून साहेब झाली." आणि साहेब त्या संध्याकाळी, बऱ्या झालेल्या हाताने, भांडी घासत होत्या.

मिरची मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "दोन वर्षं कबूल केलीयेस हं."

"विसरले नाही."

"एक वर्ष कॉलेज पुरं करायला, एक या परीक्षेला. आज नाव घालून आले."

वहिनीचे डोळे भरून आले. तिने साबणाच्या हाताने बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"मग इथे काय करतेस? जा, अभ्यासाला बस."