नमुन्याच्या घरातली सुपारी

“पातेलं लहानच घे हो, म्हणजे दूध लवकर उतू जाईल. आणि वर यायला लागलं की फुंकर मारायची नाही! आपला हात सवयीने गॅसकडे जातो. त्या दिवशी तेवढा हात आवरायचा.”

सिंगापूरच्या पाया लेबार स्टेशनाबाहेर पडून विभा उजवीकडे वळली, की पत्र्याच्या कुंपणामागून वर येणारी ती इमारत दिसायची आणि नंदाकाकूंचा आवाज कानात सुरू व्हायचा. इमारत नुसती खांबांची होती तेव्हाही, तिला काचा बसल्या तेव्हाही. काकू कोथरूडला आणि आवाज इथे.

दोघींची ओळख झाली ती काकूंच्या एका चुकीमुळे. चूक म्हणायची ती आपली बोलायची पद्धत म्हणून.

विभा घरं विकायची. लग्न होऊन सिंगापूरला आली, क्वीन्सटाउनच्या जुन्या फ्लॅटमध्ये उन्मेषबरोबर संसार मांडला, लेक शाळेत जायला लागल्यावर परीक्षा देऊन एजंट झाली. आवाज जात्याच हळू. तिच्या टीमची प्रमुख वेई लिंग हसून तिथल्या ढंगात म्हणायची, “विभा, तू इतकं हळू बोलतेस की गिऱ्हाइकाला जवळ यावंच लागतं. गुड टेक्निक, लाह!” विभाला त्यात टेक्निक काही दिसत नसे. दुसऱ्याच्या घराबद्दल मोठ्याने काय बोलायचं, एवढंच तिला वाटे.

आणि घर तरी कुठलं? इमारत उभी राहण्याआधीच फ्लॅट विकायचे असतात. म्हणून खोदलेल्या खड्ड्याशेजारी एक तात्पुरता मांडव घालतात, थंडगार, गुळगुळीत. त्यात काचेखाली इमारतीची छोटी प्रतिकृती आणि मागे एक संपूर्ण नमुन्याचं घर. पलंगावर उशा, टेबलावर ताटं, फळांची परडी. पण भिंती प्लायवूडच्या. नळाला पाणी नाही. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून आतली दारंच बसवत नाहीत. खिडकीबाहेर झाडी दिसते, ते मागून दिवा लावलेलं चित्र असतं.

ते दिवस पडत्या बाजाराचे होते. पूर्वी शनिवारी मांडवात पाय ठेवायला जागा नसे. आता लोक यायचे ते उन्हातून आत, एसी खायला. फुकटची कॉफी प्यायचे, प्रतिकृतीतल्या इवल्याशा पोहण्याच्या तलावाचे फोटो काढायचे आणि जाताना म्हणायचे, “बघू. अजून उतरेल.”

रुचिर आणि गार्गीही असेच बघायला आलेले. रुचिर पाया लेबारच्याच एका ऑफिसात इंजिनियर, गार्गी विद्यापीठात संशोधन करणारी. सोबत पुण्याहून आलेली रुचिरची आई, नंदाकाकू. नवराबायको प्रतिकृतीपाशी उभं राहून कुजबुजत होते. तो म्हणे थांबू, ती म्हणे किती वर्षं थांबायचं. विभा आपली बाजूला उभी. घरच्यांच्या बोलण्यात पडायचं नाही, हा तिचा नेम.

“आई कुठे गेल्या?” गार्गीने एकदम विचारलं.

विभा शोधायला गेली. काकू नमुन्याच्या स्वयंपाकघरात होत्या. चपला बाहेर काढलेल्या, पदर खोचलेला. ओट्यावर तांदळाची छोटी रास, तिच्यावर सुपारी, सुपारीला हळदकुंकू, पुढ्यात चिमूटभर साखर. शेगडीवर पिशवीतून आणलेलं स्टीलचं पातेलं, पातेल्यात दूध. आणि काकू शेगडीचं बटण पुन्हा पुन्हा फिरवत होत्या.

“बरं झालं आलीस बाई. ही पेटत नाही बघ. गॅस संपला वाटतं.”

“काकू,” विभा आणखीच हळू आवाजात म्हणाली, “इथे गॅस नाहीये.”

“नाहीये? मग या घरातली माणसं जेवतात काय?”

“माणसंही नाहीत. हे दाखवायचं घर आहे, नमुना. खरं घर अजून बांधायचंय. येताना बाहेर खड्डा दिसला ना, तिथे.”

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. झाडांचं पानही हलत नव्हतं. त्यांनी भिंतीवर बोट वाजवलं. पोकळ आवाज आला. विभाला वाटलं, वडीलधाऱ्या माणसाची अशी फजिती आपल्यासमोर व्हायला नको होती.

पण काकू हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “म्हणजे मी नाटकातल्या घरात दूध उतू घालत होते म्हण की! अगं, मुलगा म्हणाला घर बघायला चल. मला वाटलं, घर बघायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं?” मग त्यांची नजर सुपारीवर गेली आणि हसू हळूहळू निवलं. “दुधाचं काही नाही. पिऊन टाकू. पण याचं काय करायचं?”

“कोणाचं?”

“गणपतीचं. मी त्याला बोलावलं ना. ये, बस, माझ्या मुलाचं घर सांभाळ म्हटलं. आता काय सांगू, घरच नाही, ऊठ? पाटावर बसलेल्याला कुणी उठवतं का गं?”

तोवर रुचिर येऊन पोचला होता. “आई! अगं काय हे! लोक बघतायत.”

“बघू देत. बघायलाच आलेत ना?” काकू म्हणाल्या. गार्गीने तोंडाला रुमाल लावला.

“हे बघ, नमुना तर नमुना,” काकूंनी विभाचा हात धरला. “जमीन तर हीच ना? घर होईपर्यंत तो इथे थांबेल. त्याला कुठे घाई आहे? तू रोज चिमूटभर साखर दाखव. घर झालं की त्याला वर ने. दूध मी येऊन उतू घालीन, आणि मला नाही जमलं तर तू घाल. पातेलं ठेवून जाते. करशील?”

विभाच्या धंद्यात गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा नसतो. छापील कागदावर असेल तेवढंच बोलायचं, हे वेई लिंगने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तरी विभा “हो काकू” म्हणून गेली. दूध उतू घालताना काय करायचं, काय नाही, ते काकूंनी तिला तिथेच, न पेटणाऱ्या शेगडीपाशी, नीट समजावून सांगितलं.

रुचिरने त्याच संध्याकाळी अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट नक्की केला. “आईने गणपती बसवलाय, आता मी काय बोलणार?” असं म्हणत होता, पण चेहऱ्यावरचा ताण सुटलेला होता. ठरवून टाकायला माणसाला कधीकधी असंच काहीतरी निमित्त हवं असतं.

सुपारी ओट्याखालच्या खणात गेली. विभा सकाळी लवकर येऊन, हात धुऊन, साखर ठेवायची. आठवड्याभरात वेई लिंगने खण उघडला.

“विभा! कॅन यू सी? मुंग्या!” आणि मग सुपारी उचलायला हात पुढे केला.

“तिला नको हलवूस,” विभा म्हणाली, आणि स्वतःचाच चढलेला आवाज ऐकून दचकली. मग तिने सगळं सांगितलं. वेई लिंगने कपाळाला आठ्या घालून ऐकलं.

“ओ, अननसासारखं,” ती म्हणाली.

“अननस?”

“नव्या घरात आधी अननस घरंगळत आत सोडायचा. लक आत येतं. माझ्या आईने सोडला तो सोफ्याखाली गेला आणि आम्ही विसरलो. काय वास, लाह!” तिने खण बंद केला. “ठेव. पण साखर नको.”

तेव्हापासून साखरेऐवजी बेदाणा आला आणि देवाने तो चालवून घेतला.

पुढे बाजार आणखी थंडावला. मांडव चालू ठेवणं परवडेना म्हणून बिल्डरने तो लवकरच मोडायला काढला. विभाने काकूंना फोन केला.

“त्याला सांग, पाहुणा म्हणून चाललायस, मुक्काम तिकडेच,” काकू म्हणाल्या. “आणि तुझ्या देव्हाऱ्यात जरा बाजूला बसव. पाहुण्याने यजमानाची जागा घेऊ नये.”

सुपारी आणि पातेलं क्वीन्सटाउनला आलं. विभा रोज पूजा झाली की डावीकडे एक बेदाणा ठेवायची. “आई, युवर पेइंग गेस्ट हॅज ईटन?” असं लेक विचारायची.

आणि एक दिवस रुचिरचा फोन आला.

“विभाताई, माझी नोकरी गेली. आमचा अख्खा विभागच बंद केला. गार्गीच्या पगारात हे घर झेपणार नाही. ताबा मिळायच्या आत कुणी घेत असेल तर बघाल? आईला मात्र सांगू नका.”

विभाने “बघते” म्हटलं. फोन ठेवून ती देव्हाऱ्याकडे बघत राहिली. शब्द दिला होता घर होईपर्यंत सांभाळायचा, आणि आता तेच घर तिने विकायचं होतं. ना रडता येई, ना कुणाला सांगता येई. ती कामाला लागली. जाहिरात दिली, ओळखीच्यांना विचारलं. पुष्कळ दिवसांनी एक जण खरंच तयार झाला. अश्विन नावाचा मुंबईचा तरुण, लग्न ठरलेलं, घाईत असलेला. कुंपणाजवळच्या कॉफीच्या दुकानात ते भेटले. समोर इमारत अर्धी वर आली होती.

विभाने बसता बसताच सांगितलं, “समोरची जागा मोकळी दिसतेय ना, तिथे पुढेमागे उंच इमारत होणार आहे. हॉलमधून समुद्राच्या बाजूचं आकाश दिसतं, ते झाकलं जाईल.”

अश्विनने कप खाली ठेवला. चांगला मुलगा होता, आभार मानून गेला. पुन्हा फोन केला नाही.

त्या दिवशी विभाला जेवण गोड लागेना. उन्मेषने विचारलं तेव्हा म्हणाली, “मी खोटं काही बोलले नाही.”

“मग झालं तर.”

“झालं कुठे? रुचिरलाही मी हे सांगितलं होतं. पण आधी घर दाखवलं, वारा कुठून येतो ते सांगितलं आणि मग हे. आज मी बसल्याबसल्या हेच सांगितलं. अहो, खरंही कधी सांगायचं त्याला एक जागा असते. मी ते मुद्दाम पुढे आणून ठेवलं. मला ते घर जायला नको होतं.”

उन्मेषने तिच्या ताटात थोडा दहीभात वाढला.

दुसऱ्या दिवशी विभाने अश्विनला फोन करून घरातलं चांगलं तेही सगळं सांगितलं. त्याने दुसरीकडे बघितलं होतं. मग ती रुचिरकडे गेली आणि काही हातचं न राखता बोलली. “तुमच्या आईला मी शब्द दिलाय. माझा जीव या घरात अडकलाय. अशा माणसाने हे विकू नये. तुम्ही हे काम वेई लिंगला द्या. ती मन लावून करील.”

दुसरी कुणी असती तर गप्प बसून गिऱ्हाइकं परतवत राहिली असती, आणि कुणाला कळलंही नसतं. रुचिर तिच्याकडे बघतच राहिला. “ताई, अहो, तुमचं कमिशन जाईल.” “जाऊ दे हो,” असं ती म्हणाली, इतकं हळू की त्याला ते नीट ऐकूही गेलं नसेल.

वेई लिंगने खरोखर जंग जंग पछाडलं. ती वाळवंटात छत्री विकेल अशी बाई. पण बाजारच असा निपचित पडलेला, की शेजारच्या नव्या इमारतींत बिल्डरचेच फ्लॅट पडून होते, तिथे दुसऱ्याने घेतलेला कोण विचारतो? पाहायला माणसं यायची, “बघू, अजून उतरेल” म्हणायची आणि जायची. रुचिर रोज खचायचा, रोज अर्ज करायचा. गार्गीने जास्तीच्या शिकवण्या धरल्या. आणि इमारतीला काचा बसत होत्या तेव्हा रुचिरला ईस्ट कोस्टच्या बाजूला एका छोट्या कंपनीत काम मिळालं. पगार कमी, पण घराचे हप्ते भागण्यापुरता.

वेई लिंगने फोन करून सांगितलं, “विभा, मी हरले. घर त्यांचंच राहिलं.” आणि तिच्या हरण्यात एवढा आनंद होता की विभाला हसू फुटलं.

काकूंना सांगायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, “मला माहीत होतं गं. पोराचा आवाज फोनवर कसा येतो त्यावरून आईला कळतं. मी देव पाण्यात घातले होते.” मग म्हणाल्या, “सगळे म्हणतात मंदी वाईट. वाईटच असेल. पण माझ्या मुलाच्या दाराशी तीच राखणीला बसली.”

किल्ल्या मिळायच्या महिन्यात काकू न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. विमानाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

“मग तू घाल,” फोनवर अंथरुणावरून काकूंचा आवाज आला. थकलेला, पण तोच. “गार्गीला सांगितलंय, विभा येईपर्यंत शेगडी पेटवायची नाही. आणि बाई, ती पेटते ना ते आधी बघ हो!”

आज ती सकाळ होती. विभाने स्नान करून देवाची पूजा केली. डावीकडची सुपारी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. “चला,” ती म्हणाली, “तुमचं घर झालं.” चांदीच्या छोट्या डबीत तांदूळ घालून तिला त्यात बसवलं. पातेलं घासून ठेवलेलं होतं. ते पिशवीत गेलं, त्यात दुधाची पिशवी, वर हळदकुंकू आणि ती डबी. पिशवीच्या कोपऱ्यात कालच आणलेला एक अननस होता, वेई लिंगने घरात घरंगळत सोडायचा म्हणून. ती पाया लेबार स्टेशनवर भेटणार होती. अननस सोफ्याखाली जाऊ द्यायचा नाही, हे विभाने मनात पक्कं केलं. सोफा अजून आलाच नव्हता म्हणा.

उन्मेष आणि लेक झोपले होते. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेऊन तिने दार अलगद ओढलं, लिफ्टपाशी जाऊन पायात घातल्या आणि पिशवी छातीशी धरून ती निघाली.